उकाड्याची खूण

अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. ते एकेक अक्षर करून बोटांनी दाखवताना तिच्या लक्षात आलं, की आडनाव आपलंच आहे. बोटं सवयीनं पुढं गेली, मन मागेच अडकलं. सभागृहाच्या बाजूच्या दारातून दादा आत येत होता. अंगात राखाडी कोट, मानेवरचे केस नुकतेच बारीक कापलेले, पण चाल तीच. उजवा खांदा जरासा पुढं काढून, गर्दीतून वाट काढत असल्यासारखी. गर्दी तर नव्हतीच. तिची जोडीदारीण शेजारच्या खुर्चीवरून अर्धवट उठली होती. खुणांच्या भाषेत दुभाष्याचं काम एकटीनं फार वेळ करता येत नाही, हात थकायच्या आधी डोकं थकतं, म्हणून दोघी आलटून पालटून उभ्या राहायच्या. उंच, शिडशिडीत असल्यामुळे जोडीदारणीला सगळे पेन्सिल म्हणत. पेन्सिलनं मांडीपाशीच हात ठेवून खुणेनं विचारलं, मी येऊ का? तिनं मान हलवली. नको. हा माझा भाऊ आहे, मोठा. ह्याचं मीच करणार. आणि हे सांगताना आपला चेहरा फुलून आलाय हे तिला कळलं. पेन्सिलनं भुवया उंचावल्या, असं का, वा, आणि ती परत बसली. पुढं कितीतरी दिवस ती खुर्ची, ते परत बसणं तिच्या डोळ्यांपुढं येत राहिलं. तेव्हा बाजूला होता आलं असतं. पण तेव्हा तिला दादाचा अभिमान वाटत होता, नुसता अभिमान, पोटात साखर विरघळावी तसा.

सुनावणी नदीकाठच्या वीज केंद्राची होती. तिथं कोळशावर चालणारा आणखी एक संच बसवायचा, आणखी एक धुराडं उभं करायचं असं घाटत होतं, आणि आसपासच्या रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ते करता येत नव्हतं. केंद्राच्या कुंपणापलीकडे एकेकाळी बहिऱ्या मुलांची शाळा होती. शाळा बंद पडली, पण त्यातली मुलं मोठी होऊन तिथंच राहिली, त्यांनी एकमेकांशी लग्नं केली, दुकानं काढली. त्यांनी दुभाषी मागितले होते म्हणून ती आणि पेन्सिल इथं होत्या. पुढच्या दोन रांगा त्यांच्याच. मधोमध एक जाडसर बाई बसली होती, तिची बेकरी होती. बाहीवर कोपराजवळ पीठ राहून गेलेलं. सकाळपासून ही बाई दुभाष्याच्या हातांवरून नजर काढत नव्हती आणि अधूनमधून शेजारच्या म्हाताऱ्याला कोपरानं ढोसून जागं करत होती. दादा इथं बोलणार म्हणजे त्यांच्या बाजूनं बोलणार, यात तिला शंकाच नव्हती. दादाला हवेतलं कळतं. अर्धं आयुष्य त्यानं एका डोंगरमाथ्यावरच्या केंद्रात काढलं होतं, काचेच्या चंबूत हवा भरून घ्यायची आणि तिच्यात कोणता वायू किती ते मोजायचं. सुट्टीला आला की दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, आणि बोलणं एकच: वाढतंय गं. दर वर्षी वाढतंय. अलीकडे तो डोंगरावरून उतरला होता, कुठल्याशा संस्थेत सल्लागार झाला होता. कसली संस्था, तिनं विचारलं नाही. दादा सल्ला देतो म्हणजे शहाणपणाचाच देत असणार. भेटेल त्याला ती सांगायची, माझा भाऊ सल्लागार आहे.

दादानं माईक ओढून घेतला, समोर पाहिलं, मग डावीकडे पाहिलं आणि त्याला ती दिसली. गडद निळा सदरा, मागे ओढून बांधलेले केस, छातीसमोर तयार ठेवलेले हात. काम करताना ती अशीच असते हे त्याला माहीत होतं, आज इथं असेल हे माहीत नसावं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती हसली. तो हसला नाही. तिला वाटलं, बरोबर आहे, सभेत बहिणीकडे बघून कसं हसायचं.

दोघांची पहिली भाषा ही हातांचीच. आई जन्मापासून बहिरी. दोघंही लहान असतानाच वडील गेले, त्यामुळे घरात आवाज असा फारसा नव्हताच. दादा तोंडानं बोलायला शिकला तो शेजाऱ्यांकडून, आणि ती शिकली दादाकडून. आईला मुलांची नावं उच्चारता येत नसत म्हणून तिनं दोघांना आपली आपली नावं दिली होती. दादाचं नाव कपाळावर बोटानं काढलेला एक भोवरा, कारण त्याचे पुढचे केस कधीच खाली बसायचे नाहीत. तिचं नाव हनुवटीला टोचलेलं एक बोट. आई धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची, तिचे हात कोरडे, गरम, आणि बोलताना इतके स्पष्ट की गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या गच्चीवरून वाचता यावेत. आणि आईला एक गोष्ट मुळीच चालायची नाही: कर्त्याशिवायचं बोलणं. पेला फुटला, असं दादा सांगायचा. आई विचारायची, कोणी? हातातून सुटला. कोणाच्या हातातून? शाळेत उशीर झाला. कोणाला, कोणी केला? तोंडानं बोलणाऱ्या लोकांना केलं गेलं, झालं, होऊन गेलं असं म्हणून सटकता येतं. आईसमोर हवेत एक जागा दाखवावी लागायची, त्या जागी एक माणूस उभा करावा लागायचा, आणि मग त्या माणसानं काय केलं ते सांगावं लागायचं. दादा चिडायचा. म्हणायचा, ही आई आहे का पोलीस.

पृथ्वी का तापते हे दादानं पहिल्यांदा समजावलं ते आईलाच. कॉलेजातून तो नुकताच काहीतरी ऐकून आला होता आणि त्याच्या पोटात ते मावत नव्हतं. आई स्टोव्हपाशी उभी, ती टेबलावर पाय हलवत बसलेली. दादानं डावी मूठ पुढं धरली, ही पृथ्वी. उजव्या हाताची बोटं फाकवून तिच्यावर धरली, ही हवा. सूर्याचा उजेड बोटांच्या फटींतून सरळ खाली येतो, मुठीला लागतो, मूठ तापते. तापलेली मूठ आपली ऊब परत वर सोडते, पण ही ऊब उजेडासारखी नसते, डोळ्यांना दिसत नाही, आणि तिला फटी सापडत नाहीत. हवेतले काही वायू तिला अडवतात, थोडी वर जाऊ देतात, थोडी परत खाली ढकलतात. वाफ अडवते, कोळसा जाळून जो वायू होतो तो अडवतो, दलदलीतून निघतो तो अडवतो. आईनं विचारलं, मग हे वाईट का? पांघरुणासारखं आहे. दादा म्हणाला, पांघरूण नसतं तर आपण गोठून मेलो असतो. पांघरूण वाईट नाही, जाड होत चाललंय ते वाईट. आणि त्यानं फाकलेली बोटं हळूहळू जवळ आणली, फटी बुजवल्या, मुठीवरून ऊब वर निघाली, तळव्यावर आपटली आणि परत फिरली. आईनं अर्थातच विचारलं, कोण घालतंय? दादानं गोल हात फिरवून घर दाखवलं, खिडकीबाहेरचा रस्ता, गाड्या, कारखान्याचं धुराडं, शेवटी स्वतःची छाती. आपण. आईनं क्षणभर विचार केला आणि स्टोव्ह बंद केला. झालं? तिनं विचारलं. भाजी अर्धी कच्ची होती. तशीच खाल्ली सगळ्यांनी. पुढं ती दुभाषी झाली तेव्हा या गोष्टीला लोकांत ठरलेली अशी खूण नव्हती, म्हणून तिनं दादाचीच खूण वापरायला घेतली. फाकलेली बोटं, जवळ येणारी, आणि परत फिरणारी ऊब. तिच्याकडून पेन्सिलनं घेतली, पेन्सिलकडून शाळांत गेली, आणि आता पुढच्या दोन रांगांतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. ही कोणाच्या डोक्यातून निघाली हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पृथ्वीभोवती हा थर नसता, तर आज आपण इथं बसलोच नसतो," दादा म्हणाला. "सगळं गोठलेलं असतं. हा परिणाम निसर्गानं दिलेला आहे, तो आपल्यावरचा उपकार आहे." तिच्या हातांनी ती खूण केली. डोळ्यांच्या कडेनं तिला दिसलं की दादाची नजर तिच्या हातांवर आली आणि तो पाण्याचा पेला उचलायला वाकला. तिला वाटलं, आता म्हणेल, पण. दुभाषी बोलणाऱ्याच्या किंचित मागे असतो, वाक्य पूर्ण झाल्याशिवाय हात टाकता येत नाही, आणि त्या मधल्या पोकळीत ती त्या 'पण'साठी जागा राखून उभी राहिली. दादा पाणी प्यायला. "गेल्या काही दशकांत तापमानात काही प्रमाणात वाढ झालेली दिसते," तो म्हणाला. "त्यात माणसाच्या व्यवहारांचा वाटा नेमका किती, याविषयी अजून पुष्कळ अभ्यास व्हायला हवा. हवामान नेहमीच बदलत आलं आहे. अशा अनिश्चित परिस्थितीत एका संचामुळे जगाचं तापमान बदलेल असं म्हणणं, माझ्या मते, शास्त्राला धरून होणार नाही."

एकही वाक्य खोटं म्हणून धरता येत नव्हतं. सगळी वाक्यं खरी होती आणि त्यांनी मिळून जे सांगितलं ते खोटं होतं. आतून ओल्या झालेल्या भिंतीला नुसता हात लावून समजत नाही, तसं काहीतरी तिला जाणवत होतं, आणि हात तर चालू ठेवायचे होते. वाढ झालेली दिसते. कोणाला? अभ्यास व्हायला हवा. कोणी करायला हवा, अर्धं आयुष्य तू काय करत होतास? त्याच्या वाक्यांत माणूसच नव्हता. हवेत जागा दाखवायची म्हटली तर रिकामी जागा दाखवावी लागत होती. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, आपल्याला नीट ऐकू येत नाहीये, आणि हे मनात आल्यावर तिचं तिलाच विचित्र वाटलं. पेन्सिल तिच्याकडे टक लावून पाहत होती. बेकरीवाल्या बाईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि हातानं विचारलं, कोण म्हणतंय हे? कंपनीचा माणूस आहे का? मधेच उत्तर द्यायचं नसतं. पण तिची नजर समोरच्या टेबलाकडे गेली, जिथं वीज कंपनीची माणसं बसली होती, आणि त्यांच्यामध्ये एक रिकामी खुर्ची होती, तिच्या पाठीवर दादाचा मफलर. तो मफलर तिनंच विणला होता, डोंगरावरच्या थंडीसाठी.

हे तिला फार सावकाश कळलं. अपमान पटकन कळतो, लाथ बसल्यासारखा. हे तसं नव्हतं. हे जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीन आधीच असावी, तसं. तिला गेला उन्हाळा आठवला. आई अजून जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीलगतच्या खोलीत एकटी राहायची, कुणाकडे यायला तयार नव्हती. त्या आठवड्यात उकाड्यानं रस्त्यांचं डांबर मऊ झालं होतं. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत गल्लीबोळांतून फिरत होती, घराबाहेर पडू नका, पाणी पीत राहा, वृद्धांना थंड हॉलमध्ये आणा. सगळ्या गावानं ऐकलं. आई कसं ऐकणार? शेजाऱ्यांना वाटलं, मुलांनी नेलं असेल. वरचं छप्पर दिवसभर तापायचं आणि आईनं खिडकी लावून घेतली होती, बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून. ती आणि दादा पोचले तेव्हा दुपार टळली होती. दवाखान्याच्या जिन्यात दादा मटकन खाली बसला. त्या दिवशी तो तोंडानं एक शब्द बोलला नाही. हातांनीच बोलत राहिला, आई समोर असल्यासारखा, पुन्हा पुन्हा तेच: आपण मारलं. त्यानं गोल हात फिरवला, जिना, खिडकी, रस्ता, गाड्या, छाती. आपण मारलं तिला. तिनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते, आणि हात धरले की हातांनी बोलणाऱ्या माणसाचं तोंड बंद होतं हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"शेवटी एक व्यक्तिगत गोष्ट सांगतो," दादा म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात माझी आई गेली. उकाड्यातच गेली. त्यामुळे उष्णतेची लाट म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पण मी शास्त्रज्ञ आहे. माझ्या दुःखाला मी पुरावा म्हणणार नाही. तिचं वय झालं होतं. ती एकटी राहत होती. खिडकी बंद होती. आणि मला वाटतं, खोलीत एक साधं वातानुकूलन यंत्र असतं आणि अखंड वीज असती, तर ती आज असती. म्हणून मी म्हणतो, आपल्याला वीज हवी."

दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो. समोरचा 'मी' म्हणाला की त्यानं आपल्या छातीवर बोट ठेवून 'मी' म्हणायचं. तो म्हणतो की, ते म्हणतात की, असं म्हणत बसायचं नसतं. तिनं छातीवर बोट ठेवलं. माझी आई. हात तेच होते आणि आईही तीच होती. म्हातारी होती. एकटी होती. खिडकी. हाताचे दोन पंजे एकमेकांशेजारी आणून तिनं खिडकी लावली, घट्ट, आणि त्या बंद खिडकीमागे एक माणूस उभा करायचा तर तो आईच होता, दादानं दुसरं कोणी ठेवलंच नव्हतं. कोणी लावली? आईनं. कोण मेलं? आई. म्हणजे दोष कोणाचा? आईचा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं, ज्याला बेकरीवाली ढोसून उठवत होती, दादाकडे पाहून छातीवर तळवा फिरवला: वाईट वाटलं हो. आणखी दोघातिघांनी तसंच केलं. दादानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान तुकवली. त्यांचं म्हणणं त्याला कळलं होतं, हे कळलं फक्त तिला.

अध्यक्ष म्हणाले, चहापाण्यानंतर प्रश्नोत्तरं. लोक उठले. पेन्सिल जवळ आली, तिच्या दंडाला धरून म्हणाली, "बस जरा. तुझा चेहरा बघ कसा झालाय. पुढचं मी घेते सगळं."

"मी ठीक आहे."

"ठीक नाहीयेस. मी तुला मघाशीच म्हणत होते—"

"हो, म्हणत होतीस," ती म्हणाली आणि बाहेरच्या लांब मार्गिकेत आली.

मार्गिकेच्या एका बाजूला उंच खिडक्या होत्या, दुसऱ्या बाजूला चहाचं टेबल. काचांतून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यातून चालताना पायांना चटका बसावा इतकं ते जाड वाटत होतं. दादा तिच्यामागोमाग आला. तो अगदी जवळ आला, खिडकीकडे तिची पाठ, टेबलाकडे त्याची. आजूबाजूला कंपनीची माणसं, पत्रकार, रहिवासी, कपबशांचा आवाज. त्यानं एकदा डावीउजवीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून हात वर घेतले. हनुवटीला टोचलेलं एक बोट. तिचं नाव. आई गेल्यापासून त्या नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती आणि एका क्षणापुरतं तिला रडू येईल असं वाटलं. मग तो बोलायला लागला.

रागावू नकोस, तो हातांनी म्हणाला. मला माहितीये. मी बोललो त्यात काय नाही ते मला माहितीये. कोळसा जाळून वाढतंय, आपण जाळतोय म्हणून वाढतंय, यात अभ्यास करायचं काही उरलेलं नाही, मीच मोजलंय ते. हा संच उभा राहायला नको, मला माहितीये. पण मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी येऊन हेच म्हणेल, माझ्याहून वाईट म्हणेल. त्या डोंगरावर बसून मी किती वर्षं ओरडलो, कोणी ऐकलं? इथं मी बोलायला उभा राहिलो की लोक गप्प बसतात. तू बघितलंस ना? गप्प बसले होते.

तिनं हात खिशात घातले होते. ते बाहेर काढले नाहीत. तोंडानं, हळूच विचारलं, "आणि आईचं?"

ते मी लिहिलं नव्हतं, दादा म्हणाला. त्यांनी सांगितलं, काहीतरी घरचं बोला, लोकांना आवडतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्याचे हात अजूनही सुरेख चालत होते. आईच्या गावचा हेल त्यांत होता, जरा मोठे, जरा मोकळे, दुसऱ्या टोकाच्या गच्चीवरून वाचता येतील असे. आणि त्याच्या खांद्यावरून तिला चहाचं टेबल दिसत होतं. टेबलाशी पुढच्या दोन रांगा उभ्या होत्या. म्हातारा कप तोंडापाशी नेऊन तसाच थांबला होता. बेकरीवाल्या बाईनं शेजारणीचा दंड पकडला होता आणि ती खिडकीच्या काचेकडे, काचेतल्या दादाच्या प्रतिबिंबाकडे आणि पुन्हा दादाच्या हातांकडे पाहत होती. दादानं घरातली भाषा काढली होती, इथं ती कोणाला कळणार नाही म्हणून. आणि इथल्या निम्म्या लोकांना दुसरी कुठली भाषाच येत नव्हती. मघाशी त्यांच्याच खुणेला मान तुकवूनही हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्याच्या लेखी बहिणीखेरीज ती भाषा येणारं माणूस एकच होतं, आई, आणि ते गेलं होतं. तिला एक भुवई उचलता आली असती. तेवढ्यानं त्याला कळलं असतं, लहानपणी आई मागून आली की दोघं एकमेकांना असंच सांगायचे. तिच्या कपाळाची कातडी उचलायला लागलीही होती. ती तिनं खाली दाबून धरली. बोल, तिला वाटलं. बोल सगळं.

माझ्याकडे अशी बघू नकोस, दादा म्हणाला. तुला माहितीये ना मी खरा कोण आहे ते. आणि त्यानं, काय मनात आलं कोण जाणे, डावी मूठ धरली, तिच्यावर उजवी बोटं फाकवली, जवळ आणली, बुजवली. हे मी विसरलेलो नाही.

बेकरीवाली बाई पुढं आली. तिनं दादाच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं, बहिरी माणसं करतात तसं, आणि तो वळला. बाईचे हात जोरात, पिठाच्या गोळ्यावर चालावेत तसे चालले. तुम्हाला माहीत आहे. आत्ता तुम्ही म्हणालात, मी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हेच आत चला आणि सांगा.

दादानं हात खाली घेतले. त्याच वेळी कंपनीचा एक माणूस, हातात बशी घेऊन, हसत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "काय, प्रश्न इथंच सुरू झाले वाटतं?" तो म्हणाला. "काय म्हणतायत बाई?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. बोलणारी माणसं दुभाष्याकडे पाहतात तसं, मदतीसाठी, अनोळखी. "काय म्हणतायत या?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं होतं आज मनाला आणखी काही लागणार नाही. ती कामाच्या आवाजात म्हणाली, "'तुम्हाला माहीत आहे. आत्ता तुम्ही म्हणालात, मी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हेच आत चला आणि सांगा.'"

"त्यांचा काहीतरी गैरसमज होतोय," दादा कंपनीच्या माणसाकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा, सल्ला देणारा, शांत होता. "मी नुसते हातवारे करत होतो. मला ही भाषा येत नाही."

सांगायला हवं होतं. ते तिचं कामच होतं. तिनं खिशातून हात काढले, बेकरीवाल्या बाईकडे आणि तिच्यामागे गोळा झालेल्या सगळ्यांकडे तोंड केलं, छातीवर बोट ठेवलं आणि अक्षर न अक्षर सांगितलं. मला. ही भाषा. येत नाही.

आधी म्हातारा हसला. मग बाई हसली, मग सगळे. बहिऱ्यांचं हसू आवाजाची लाज न बाळगता येतं, पोटातून, फुटल्यासारखं, वेगवेगळ्या उंचीचं, कारण ते कसं ऐकू जातं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कपबशांचा आवाज थांबला. पत्रकार वळून पाहू लागले. दादा त्या हसण्यात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण आई असंच हसायची. हे त्या मार्गिकेत दोघांनाच माहीत होतं आणि त्यातल्या एकानं नुकतंच सांगितलं होतं की आपल्याला ही भाषाच येत नाही. तिला त्याची दया आली. दया आली म्हणून राग कमी झाला नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

"चला," कंपनीचा माणूस त्याच्या कोपराला धरून हळूच म्हणाला, "गाडी खाली लावलीय. प्रश्नांना आपला दुसरा माणूस बसेल." दादा गेला. मार्गिकेच्या टोकाशी त्यानं एकदा वळून पाहिलं, हात अर्धा उचलला, आजूबाजूचे लोक पाहिले आणि तो कोटाच्या खिशात घातला.

आत घंटा झाली. पेन्सिल दारात तिची वाट पाहत होती. "मी उभी राहते, तू जा घरी," ती म्हणाली. "खरंच जा."

"नाही," ती म्हणाली. "हातांचं तू कर. आवाजाचं मी करते."

ती माईकपाशी जाऊन बसली. दादाच्या खुर्चीवरून मफलरसुद्धा कोणीतरी उचलून नेला होता. अध्यक्षांनी विचारलं, पहिला प्रश्न कोणाचा. बेकरीवाली बाई बाह्या वर सारत उभी राहिली, सगळं सभागृह आपल्याकडे बघेपर्यंत थांबली, आणि मग तिचे हात चालू झाले. त्या हातांमागून थोड्या अंतरानं, एकही शब्द न गाळता, सभागृहात आवाज येऊ लागला. "माझा प्रश्न नाही. मला साक्ष द्यायची आहे. मघाशी बाहेर, खिडकीपाशी, एक माणूस आपल्या बहिणीशी बोलत होता."

आवाज एकदाच अडखळला, बहीण या शब्दापाशी. मग तो पुढं गेला.